प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : स्टेनलेसला नायट्रायडिंग करताना आधी तापमान विचारा

स्टेनलेसच्या पार्टला नायट्रायडिंग (भट्टीत पृष्ठभागात नायट्रोजन शिरवून तो कडक करणं) करून आणलं आणि तो गंजला, अशा तक्रारीची बरीच पत्रं सोलापूर आणि परिसरातून आली आहेत. डाइंगवाले, साखर कारखान्यातले इंजिनिअर, लेथवर जॉब करणारे, सगळ्यांचा घोळ थोड्याफार फरकाने एकाच ठिकाणी आहे. म्हणून हा अंक या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आमच्या डाइंगमध्ये सर्क्युलेशन पंपाच्या ३०४ ग्रेड स्टेनलेसच्या स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेल्या नळ्या) ग्लँड पॅकिंगखाली (गळती रोखणाऱ्या भरावाखाली) झिजायच्या. बाहेरगावी जॉबवर्कला पाठवून गॅस नायट्रायडिंग करून आणल्या. रिपोर्टवर कडकपणा १०५० एचव्ही (व्हिकर्स, कडकपणाचं माप), थर ०.०८ मिमी. महिनाभरातच तांबूस डाग आले, मग बारीक खड्डे पडले, आता पॅकिंग कापलं जातंय. साध्या स्लीव्ह झिजायच्या, पण गंजत नव्हत्या. माल खोटा होता की काम खोटं झालं? (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

माल खरा आहे आणि रिपोर्टवरचे आकडेही खरे असावेत. ३०४ ला ०.०८ मिमीचा थर आणि हजाराच्या वर एचव्ही हे ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेल्या नायट्रायडिंगचं नेहमीचं फळ आहे. चूक त्या तापमानात आहे. जॉब देताना कोणी तापमान विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची पापुद्री असते. ओरखडा पडला तरी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की ती पुन्हा भरून येते. पण त्यासाठी धातूत मोकळं क्रोमियम साधारण ११ टक्क्यांच्या वर असावं लागतं. ३०४ मध्ये ते १८ टक्क्यांच्या आसपास असतं.

५५० अंशांवर नायट्रोजन आत शिरतो तेव्हा क्रोमियमचे अणूही थोडेफार हलू शकतात. दोघं भेटले की क्रोमियम नायट्राइडचे अतिशय बारीक कण तयार होतात. तुमचा १०५० एचव्ही त्या कणांतूनच येतो. पण कणात अडकलेलं क्रोमियम पापुद्री बांधायला उरत नाही. हिशेब करून पाहा : क्रोमियमचा अणुभार ५२, नायट्रोजनचा १४, म्हणजे वजनाने १ टक्का नायट्रोजन ३.७ टक्के क्रोमियम बांधून ठेवतो. १८ वरून ११ वर यायला ७ टक्के क्रोमियम अडकलं की पुरे, आणि त्याला २ टक्क्यांहूनही कमी नायट्रोजन लागतो. नायट्राइड झालेल्या थरात त्याहून कितीतरी जास्त नायट्रोजन असतो. त्यामुळे तुमच्या स्लीव्हचा वरचा ०.०८ मिमी भाग नावाला स्टेनलेस आहे, वागायला साधं लोखंड.

त्यात तुमचं पाणी. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या बाथमध्ये लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ आणि ६० अंशांची उष्णता. शिवाय बोअरचं पाणी खारट असेल तर त्याची भर. क्लोराइड हा स्टेनलेसचा मुख्य शत्रू. धड ३०४ सुद्धा अशा पाण्यात काठावरच टिकतं. क्रोमियम गमावलेला थर तिथे महिनाभर टिकला हेच जास्त झालं.

उपाय म्हणून तापमान खाली आणावं लागतं. ४०० ते ४२० अंशांवर नायट्रोजन आत सरकू शकतो, कारण तो लहान अणू आहे आणि मोठ्या अणूंच्या मधल्या फटींतून वाट काढतो. क्रोमियमला मात्र या तापमानाला जागचं हलता येत नाही. त्यामुळे नायट्राइड बनत नाही. नायट्रोजन धातूच्या अणूंच्या जाळीतच कोंबला जातो, जाळी फुगते, प्रचंड दाबाचा ताण तयार होतो आणि त्यातूनच कडकपणा येतो. या फुगलेल्या थराला एस-फेज म्हणतात. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या झांग आणि बेल यांनी १९८५ मध्ये हे काम पुढे आणलं. एस-फेजमध्ये वजनाने ५-६ टक्के नायट्रोजन असू शकतो, आणि तरी क्रोमियम मोकळं राहतं. कडकपणा १००० ते १४०० एचव्ही. क्लोराइडमध्ये खड्डे पडण्याला तर हा थर मूळ स्टेनलेसपेक्षाही चांगला विरोध करतो.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण थर पातळ येतो. ३१६ वर ४२० अंशांना २० तास दिले तर साधारण १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे तुमच्या ०.०८ मिमीच्या पाचव्या ते आठव्या हिश्श्याएवढा. दुप्पट जाडी हवी तर वेळ दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. शिवाय वेळ वाढवला की सुरक्षित तापमानाची मर्यादा आणखी खाली सरकते.

गंजलेल्या स्लीव्ह पॉलिश करून किंवा नायट्रिक अ‍ॅसिडात पॅसिव्हेट करून (पापुद्री पुन्हा बांधून) सुधारणार नाहीत. उलट अ‍ॅसिड तो थर खाईल. त्या बाजूला काढा. नव्या स्लीव्ह ३१६ च्या करा. आणि बॅच संपली की ग्लँडमध्ये खारं पाणी साचू देऊ नका, पंप पाच मिनिटं गोड्या पाण्यावर फिरवूनच बंद करा. खड्ड्यांची सुरुवात बहुतेक वेळा पंप चालू असताना होत नाही, रात्री बंद पंपाच्या पॅकिंगखाली होते. पॅकिंग ग्रॅफाइटचं असेल तर तेही बदलून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) टाका. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून राहिले की त्यांची छोटी बॅटरी होते आणि तिच्यात स्टेनलेस खर्ची पडतं.

प्रश्न : जॉबवर्कला पाठवताना चलनावर नेमकं काय लिहावं? आम्ही आजवर «नायट्रायडिंग करून देणे» एवढंच लिहीत आलो. (चिंचोळी एमआयडीसी)

एवढंच लिहिलं तर भट्टीवाला त्याच्या नेहमीच्या रेसिपीने काम करून देणार, आणि त्याची नेहमीची रेसिपी ईएन ४१बी किंवा ४१४० सारख्या अलॉय स्टीलसाठी बसवलेली असते, ५०० ते ५६० अंशांची. त्याला दोष देता येणार नाही.

पहिल्यांदा ग्रेड लिहा. «एसएस» एवढं पुरत नाही. ३०४, ३१६एल, ४२० असं नाव हवं आणि शक्य असेल तर मिलचं सर्टिफिकेट सोबत हवं. त्यानंतर पद्धत : गंज चालणार नसेल तर «कमी तापमानाचं प्लाझ्मा नायट्रायडिंग, जॉबचं तापमान ४२० अंशांच्या वर कोणत्याही क्षणी जाऊ नये» असं स्पष्ट लिहा. «जॉबचं» हा शब्द महत्त्वाचा आहे. प्लाझ्मा भट्टीत कमी दाबाच्या वायूत वीज सोडून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, तयार करतात. तिथे पार्ट स्वतःच कॅथोड, म्हणजे ऋण टोक, असतो आणि आयनांच्या माऱ्याने तापतो. पातळ वॉशर आणि जाड शाफ्ट एकाच चार्जमध्ये (भट्टीत एका वेळी लावलेल्या मालात) लावले तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शाफ्टमध्ये ४२० दाखवत असताना वॉशर वीस-तीस अंश पुढे गेलेला असू शकतो, म्हणजे नेमका धोक्याच्या पट्ट्यात. म्हणून एका चार्जमध्ये सारख्या जाडीचे जॉब लावायला सांगा आणि थर्मोकपल त्याच आकाराच्या एका डमी पार्टमध्ये भोक पाडून बसवायला सांगा. तापमानाचा आलेख रिपोर्टसोबत मागा.

थराची जाडी पट्ट्यात लिहा : «८ ते १५ मायक्रॉन». कडकपणा «किमान १००० एचव्ही ०.०२५» असा भारासकट लिहा. भाराचं कारण पुढच्या उत्तरात दिलं आहे.

आता सर्वांत जास्त टाळली जाणारी आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट : टेस्ट पीस. त्याच बारमधून कापलेला, तसंच टर्निंग केलेला १५-२० मिमीचा तुकडा जॉबसोबत चार्जमध्ये घालायला द्या. तो आडवा कापून, माउंट करून, पॉलिश करून मार्बल्स रिएजंट या द्रावणाने एच करायला (पृष्ठभाग हलका खायला लावून रचना उघडी करायला) सांगा. त्यात ४ ग्रॅम कॉपर सल्फेट, २० मिली हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि २० मिली पाणी असतं. मायक्रोस्कोपखाली एस-फेजचा थर पांढरा स्वच्छ पट्टा म्हणून उठून दिसतो, कारण रिएजंट त्याला खात नाही. पट्टा काळपट दिसला किंवा त्यात काळ्या रेघा, काळे ठिपके दिसले तर क्रोमियम नायट्राइड झालंय. ५०० पट मोठा केलेला हा एक फोटो दहा आकड्यांपेक्षा जास्त सांगतो. आमच्या मते हा फोटो मिळाल्याशिवाय बिल पास करू नये.

स्वतःच्या कारखान्यातही एक चाचणी करता येते. २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड सावकाश सोडा (अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडात कधीही नाही), त्यात ४ ग्रॅम कॉपर सल्फेट विरघळवा. हे पाणी ३०४ किंवा ३१६ च्या स्वच्छ पृष्ठभागावर लावून ६ मिनिटं ओलं ठेवा आणि धुवा. तांब्याचा गुलाबी लेप चढला तर तिथलं क्रोमियम गेलेलं आहे किंवा लोखंडाचा कण रुतलेला आहे. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. द्राक्षवाल्यांच्या बोर्डो मिश्रणासाठी ते शेती दुकानात मिळतं, पण चाचणीला प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पार्टवर ही चाचणी करू नका. ४१० आणि ४२० वरही करू नका. त्यांच्यात मुळातच क्रोमियम कमी असल्याने निकाल फसवा येतो.

डाइंगवाल्यांनी याच्याही पुढे जावं. टेस्ट पीसचा अर्धा तुकडा आणि नायट्रायडिंग न केलेला तसाच एक तुकडा, दोन्ही स्वतःच्या बाथच्या पाण्यात, नेहमीच्या मिठासकट, ६० अंशांवर तीन दिवस टांगून ठेवा. सॉल्ट स्प्रेच्या (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखालच्या गंज चाचणीच्या) तासांपेक्षा हे जास्त खरं बोलतं.

प्रश्न : नायट्रायडिंग करून आलेल्या ३१६ च्या बुशचा कडकपणा आमच्या रॉकवेल मशीनवर तपासला. आधी होता तेवढाच आला. फसवणूक समजावी का? (होटगी रोड)

तेवढ्यावरून नाही. रॉकवेल सी मध्ये १५० किलोच्या भाराने हिऱ्याचा शंकू आत घुसतो. ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) जॉबवर तो सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास खोल जातो, मऊ ३१६ वर त्याहून जास्त. तुमचा थर १० मायक्रॉनचा. शंकू तो केव्हाच फोडून खालच्या मऊ गाभ्यात पोचलेला असतो आणि मशीन गाभ्याचाच आकडा दाखवतं. १० किलोच्या व्हिकर्सनेही हेच होतं : १००० एचव्हीच्या धातूवर १० किलोचा खड्डा १९ मायक्रॉन खोल पडतो.

नियम असा की खड्ड्याच्या खोलीच्या निदान दहापट थराची जाडी हवी. २५ ग्रॅमच्या भाराने १००० एचव्हीवर खड्डा सुमारे १ मायक्रॉन खोल पडतो. म्हणजे १० मायक्रॉनच्या थराला २५ ग्रॅमच योग्य. ५० ग्रॅमला १४ मायक्रॉनचा थर लागतो. त्यासाठी मायक्रो-व्हिकर्स मशीन आणि आरशासारखा पॉलिश केलेला नमुना हवा. खरबरीत पृष्ठभागावर २५ ग्रॅमचा आकडा भरवशाचा नसतो, एकाच जागी चार मापं घेतलीत तर चार आकडे येतील.

कानसेने घासून पाहण्याची जुनी रीत इथेही चालते, पण टेस्ट पीसवर, जॉबवर नाही. नवी बारीक कानस एस-फेजवरून घसरते, साध्या ३१६ ला चावते.

प्रश्न : कोणता ग्रेड घ्यावा? लेथवर ३०३ चांगला कापतो म्हणून आम्ही तोच वापरतो.

३०३ लेथला सोपा असतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या गंधकामुळे. त्या गंधकाचे मँगनीज सल्फाइडचे लांबट धागे बारभर पसरलेले असतात. पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या प्रत्येक धाग्याशी थर तुटतो आणि तिथूनच गंज आत जातो. टर्निंगचे वाचलेले पैसे तिथे दुपटीने जातात. नायट्रायडिंगसाठी ३०३ घेऊ नका.

३०४ चालतो, पण ३१६ बरा. त्यातलं २-३ टक्के मॉलिब्डेनम खड्ड्यांना विरोध करतं आणि निकेल जास्त असल्याने मशीनिंगच्या दाबाखाली त्याची रचना कमी बदलते. हा दुसरा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही, पण वर्कशॉपमध्ये तोच नडतो. ३०४ वर बोथट टूल घासलं, किंवा बार थंड ओढून काढलेला असला, की वरचा थर मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे चुंबकाला धरणाऱ्या कडक रचनेत, बदलतो. लोहचुंबक लावून पाहा : टर्निंगनंतर ३०४ चुंबकाला धरायला लागला तर हेच झालंय. अशा मार्टेन्साइटमध्ये क्रोमियम नायट्राइड कमी तापमानालाही झटकन बनतं. भट्टीवाल्याने ४२० पाळलं तरी पट्ट्यापट्ट्यांनी गंज येतो आणि कारण कोणालाच सापडत नाही. म्हणून शेवटचे कट हलके, टूल धारदार, आणि कूलंट भरपूर. कच्चा माल सोल्युशन अ‍ॅनील केलेला, म्हणजे १०५० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात थंड केलेला घ्या.

४१० आणि ४२० हे वेगळं कुळ. त्यांचा गाभाच कडक करता येतो. ४२० ला १००० ते १०५० अंशांवरून हार्डन करून ५८० च्या वर टेंपर करा (पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवा) आणि मग ५२०-५४० ला नायट्राइड करा. टेंपरिंग नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा निदान २५-३० अंश वर हवं, नाहीतर भट्टीत गाभा आणखी मऊ पडतो. असा पार्ट झिजेला उत्तम, पण ओलाव्यात गंजणार. तेलात चालणाऱ्या पार्टला घ्या, पाण्यातल्याला नको.

गाभा कडक हवा आणि गंजही नको, असं दोन्ही पाहिजे असेल तर १७-४ पीएच. ४८२ अंशांवर एक तास एजिंग (त्या तापमानाला ठेवून गाभा कडक करणं), मग ४२० च्या आसपास नायट्रायडिंग. एक सांभाळा : या एजिंगमध्ये पार्ट आकसतो, १०० मिमीला ०.०४ ते ०.०६ मिमी. शेवटचं माप एजिंगनंतरच काढा.

प्रश्न : नायट्रायडिंगनंतर शाफ्ट बेअरिंगमध्ये बसेना. मग ग्राइंड केला तर चमक वेगळी दिसतेय. काय बिघडलं? (बार्शी)

ग्राइंडिंगने थर निघून गेला. १० मायक्रॉनच्या थरावर ग्राइंडिंग व्हीलचा एक पासही परवडत नाही. नायट्रोजन आत कोंबला की धातू फुगतो. कमी तापमानाच्या कामात दर बाजूला दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे व्यासात चार-सहा. जास्त तापमानाच्या ०.०८-०.१ मिमी थराला व्यासात शतांश मिलिमीटरच्या पटीत वाढ धरावी लागते. ती आधीच वजा करून शेवटचं माप काढायचं आणि भट्टीतून आल्यावर हिऱ्याच्या पेस्टने फक्त हलकं पॉलिश, तेही एक-दोन मायक्रॉनपर्यंतच. बेअरिंगच्या सीटवर थर नकोच असेल तर तिथे लोखंडी स्लीव्ह चढवून जागा झाकायला सांगा. गॅस नायट्रायडिंगसाठी मिळणारा कथिलाचा लेप प्लाझ्मात उपयोगाचा नाही, आयनांचा मारा तो उडवतो.

लांब शाफ्ट वाकडा होऊन येतो तो भट्टीमुळे नाही, आधीच्या मशीनिंगचा ताण भट्टीत सुटतो म्हणून. इथे एक सापळा आहे. साध्या स्टीलला आपण ५५०-६०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह करतो. ३०४ ला तसं केलं तर कणांच्या कडांशी क्रोमियम कार्बाइड बसतं आणि पार्ट नायट्रायडिंगच्या आधीच कडांनी गंजायला तयार होतो. रफ टर्निंगनंतरच पुन्हा सोल्युशन अ‍ॅनील करून सरळ करा आणि फिनिशला कमीत कमी माल ठेवा. शाफ्ट भट्टीत आडवा न ठेवता उभा टांगायला सांगा.

प्रश्न : साखर कारखान्यात ऑफ-सीझनला स्टेनलेसचे नट-बोल्ट उघडताना जाम होतात, शेवटी कापावे लागतात. नायट्रायडिंगने हे थांबेल का? (माळशिरस तालुका)

हो, बरंच. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबून घासलं की पापुद्री फाटते आणि दोन उघडे, सारखेच मऊ धातू एकमेकांना थंडच वेल्ड होतात. एका बाजूला एस-फेज आणली की हे मोडतं. नटालाच करा किंवा बोल्टालाच, दोन्हींना गरज नाही. आट्यांचं माप मात्र पाहा : ६० अंशांच्या आट्यात प्रत्येक बाजू ३ मायक्रॉन फुगली तर पिच व्यास १२ मायक्रॉनने वाढतो, म्हणून क्लिअरन्स सैल ठेवा. बोल्ट ३०० अंशांपेक्षा गरम होत असेल तर हा मार्ग नको. आणि त्याआधी स्वस्त उपाय करून पाहा : बारीक आट्यांऐवजी जाड आटे, निकेलची अँटी-सीझ पेस्ट (रसाच्या बाजूला फूड ग्रेड), आणि इम्पॅक्ट गनऐवजी हाताने सावकाश आवळणं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : प्लाझ्मातून आलेल्या नोझलच्या भोकाच्या तोंडाशी निळसर-काळे डाग आहेत, आणि एका बाजूला बोटांसारखे फिके पट्टे. हे काय?

दोन वेगळे दोष आहेत. अरुंद भोकात समोरासमोरच्या भिंतींवरचा प्लाझ्मा एकमेकांत मिसळतो, आयन कोंडतात आणि तेवढी जागा बाकी जॉबपेक्षा खूप तापते. याला हॉलो कॅथोड म्हणतात. कोणत्या व्यासाला हे होईल ते भट्टीतल्या दाबावर अवलंबून असतं. दाब बदलून ते टाळता येतं किंवा भोक पिनने बुजवायचं. डाग पडलेली जागा क्रोमियम गमावून बसली आहे, तो नोझल खाऱ्या पाण्यात वापरू नका.

फिके पट्टे म्हणजे खरोखर बोटांचेच ठसे असू शकतात. तेल, घाम, मार्करची शाई, सिलिकॉनचा स्प्रे यांच्याखाली नायट्रोजन शिरत नाही. जॉब पाठवण्याआधी गरम अल्कली डिटर्जंटने धुवा, गरम पाण्याने खंगाळा, वाळवा, आणि मग हातमोजे घालूनच कागदात बांधा. साफ करताना साध्या लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, त्याचे कण रुतून बसतात आणि नंतर तेच गंजाचे ठिपके होतात. स्टेनलेसवर पापुद्री असते म्हणून ही काळजी. प्लाझ्मात सुरुवातीला आर्गॉन-हायड्रोजनच्या माऱ्याने ती उडवतात, पण तो मारा तेलाची घाण काढण्यासाठी नसतो. साध्या अमोनिया भट्टीत तर हा माराच नाही. तिथे क्लोराइडसारखा वेगळा अ‍ॅक्टिव्हेटर न घालता स्टेनलेस टाकलं तर थर ठिगळांसारखा येतो.

प्रश्न : जवळच सॉल्ट बाथ (वितळलेल्या मिठात बुडवून नायट्रायडिंग करण्याची सोय) आहे. दोन तासांत काम होतं आणि स्वस्तही. तिथे करावं का?

सायनेटचा तो बाथ ५७० ते ५८० अंशांवर चालतो. वितळलेलं मीठ पापुद्री स्वतःच विरघळवतं, त्यामुळे थर एकसारखा आणि लवकर येतो. पण तापमान पाहिलंत की उत्तर कळेल : गंजरोधकपणा जाणार. कोरड्या किंवा तेलातल्या पार्टला खुशाल करा.

स्वतः बाथ बसवायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी मनात पक्क्या करा. ओला जॉब वितळलेल्या मिठात गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि मीठ अंगावर उडतं. जॉब ३५० अंशांपर्यंत प्री-हीट केल्याशिवाय बुडवायचाच नाही. दुसरं, बाथमध्ये काही प्रमाणात सायनाइड तयार होत राहतं, ते धुण्याच्या पाण्यात येतं. त्या पाण्यात अ‍ॅसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइडचा जीवघेणा वायू निघतो. पिकलिंगची टाकी आणि या बाथचं सांडपाणी कधीही एका गटारीत नको. अल्कली ठेवून हायपोक्लोराइटने सायनाइड मोडूनच पाणी पुढे सोडायचं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय यात पडायचं नाही.

प्रश्न : आमच्या पंपाच्या पाण्यात रेती येते. १०-१५ मायक्रॉनच्या थराने भागेल का, की दुसरं काही करावं? (मोहोळ तालुका)

रेती असेल तर भागणार नाही. एस-फेज स्वतः कडक असते, पण तिच्याखाली १५०-२०० एचव्हीचा मऊ गाभा असतो. रेतीचा टोकदार कण दाबला गेला की चिखलावर टाकलेल्या फरशीसारखा थर खचतो आणि तडकतो. सरकत्या घर्षणाला, चिकटून जाम होण्याला, पॅकिंगच्या मऊ घासण्याला हा थर उत्तम. टोचणाऱ्या, ओरबाडणाऱ्या कणाला नाही. कमी तापमानाचं कार्बुरायझिंग थोडं पुढे जातं. त्यात नायट्रोजनऐवजी कार्बन शिरवतात, थर २०-३० मायक्रॉनचा येतो आणि कडकपणा गाभ्याकडे हळूहळू उतरत जातो, त्यामुळे तो कमी तडकतो. पण रेतीला तेही अपुरंच.

तुमच्या स्लीव्हला ३१६ वर निकेल-क्रोमचा बाँड कोट देऊन क्रोमियम ऑक्साइडचा सिरॅमिक थर फवारून घ्या, ग्राइंडिंगनंतर ०.२ ते ०.३ मिमी उरेल असा. हा थर सच्छिद्र असतो, म्हणून सीलर लावून घेणं सोडू नका, नाहीतर पाणी खाली झिरपून अख्खी पापडी निघते. स्लीव्ह बसवताना हातोडी लावली तर तो तडकतो. त्याहून चिवट हवं असेल तर एचव्हीओएफने (अतिवेगवान ज्वालेने) फवारलेलं टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट-क्रोम बाइंडरचं, ते महाग पडतं. हार्ड क्रोमला स्वतःच्याच बारीक भेगा असतात आणि खाऱ्या गरम पाण्यात त्यातून खालचा धातू गंजतो. गोड्या पाण्याला चालेल. यातलं काहीही करण्याआधी सक्शनला गाळणी आणि ग्लँडला बाहेरून स्वच्छ पाण्याचा फ्लश द्या. फ्लशचा दाब ग्लँडमागच्या दाबापेक्षा साधारण १ बार जास्त ठेवा, म्हणजे रेती पॅकिंगपर्यंत पोचणारच नाही.